उजेड आणि अंधार : साधनेच्या वाटेवरचे दोन सोबती

(हीरक महोत्सवी वर्षात अग्रहार, म्हैसूर येथे माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरच्या राजवाड्यावर जवळजवळ एक लाख दिवे एकाच क्षणी उजळतात, तेव्हा जमलेल्या हजारो लोकांच्या तोंडून आपोआप एक उद्गार बाहेर पडतो. त्या झगमगाटात फार थोड्यांच्या मनात येते की हा प्रकाश एका राखेवर उभा आहे. १८९७ साली, राजघराण्यातील विवाहसोहळ्याच्या दिवसांतच, येथील जुना लाकडी राजवाडा आगीत भस्मसात झाला. मंगलवाद्ये वाजत असलेल्या घरात काळाकुट्ट धूर भरला. आज दिसतो तो राजवाडा त्यानंतर हेन्री अर्विन या वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणे उभारला गेला आणि १९१२ मध्ये पूर्ण झाला. दगडाचा राजवाडा उभा राहिला, कारण लाकडाचा जळला होता.

याच शहरातील चामुंडी टेकडीवर आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. देवीच्या दर्शनाला जाणाऱ्या भाविकाला वाटेत महिषासुराचा भव्य रंगीत पुतळा भेटतो. त्याच्या एका हातात खड्ग आहे, दुसऱ्या हातात नाग. देवीने ज्याचा वध केला, त्याचे हे रूप तिच्याच टेकडीवर उभे आहे. इतकेच नव्हे, तर या नगराचे नावही त्या महिषावरूनच पडले असे परंपरा मानते. मराठी माणसाच्या तोंडी ‘म्हैसूर’ होताना त्यातील म्हैस तर अधिकच स्पष्ट होते. विजय देवीचा झाला, पण नाव असुराचे राहिले. शतकानुशतके येथील लोकांनी ते पुसून टाकले नाही. ज्या अंधाराशी झुंज झाली, त्याचे स्मरण ठेवल्याशिवाय विजयाचा अर्थ कळत नाही, हे शहाणपण या नगराच्या नावातच मुरलेले आहे.

आणि ‘अग्रहार’ हा शब्द? पूर्वी राजे विद्वानांना अध्ययन-अध्यापनासाठी जी वसाहत किंवा जमीन दान देत, तिला अग्रहार म्हणत. ज्ञानाच्या उपासनेसाठी राखून ठेवलेली जागा, असा त्याचा आशय. एका मराठी शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात, ज्ञानाच्या उपासनेचे नाव धारण करणाऱ्या या ठिकाणी, आत्मिक वाढीत प्रकाशाचे आणि अंधाराचे स्थान कोणते, याचा विचार करणे म्हणूनच औचित्याचे ठरते.

अंधारातून प्रकाशाकडे नेण्याची बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थना असंख्य शाळांच्या परिपाठात म्हटली जाते. ती म्हणताना मुलांच्या मनात एक चित्र तयार होते : अंधार वाईट, प्रकाश चांगला, एकापासून पळायचे, दुसऱ्याकडे धावायचे. पुढे आयुष्यात जेव्हा अंधार समोर येतो, तेव्हा या मुलांना वाटते की आपलेच काहीतरी चुकले. प्रार्थना केली, अभ्यास केला, नेमधर्म पाळला, तरी हे वाट्याला का आले? प्रार्थनेचे शब्द मात्र काळजीपूर्वक पाहावेत. ती प्रार्थना करणारा माणूस अंधारात उभा आहे, हे ती आधीच मान्य करते. जो अंधारात नाही, त्याला प्रकाशाकडे ने असे म्हणण्याचे कारणच काय? आपण कोठे उभे आहोत याचा प्रांजळ स्वीकार, हे त्या प्रार्थनेचे पहिले पाऊल आहे.

स्वीकार म्हणजे काय, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे. कारण ‘अंधार’ या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिला अंधार अन्यायाचा, क्रौर्याचा, अज्ञानाचा. त्याच्यापुढे मान तुकवणे हा स्वीकार नव्हे. त्याच्याशी लढायचेच असते. दुसरा अंधार दुःखाचा : मृत्यू, आजार, अपयश, ताटातूट. तो कोणी मागून घेत नाही आणि कोणाला टाळताही येत नाही. तो सोसायचा असतो. तिसरा अंधार साधनेच्या वाटेवरचा. श्रद्धा आहे, प्रयत्न आहे, परंतु आतून काहीच उमटत नाही, नामस्मरण कोरडे वाटते, देव दूर गेल्यासारखा वाटतो. हा अंधार धीर धरून पार करायचा असतो. या तिघांची गल्लत झाली की एक तर माणूस अन्याय मुकाट सोसतो, नाहीतर दुःखाशी व्यर्थ भांडत बसतो, नाहीतर साधनाच सोडून देतो.

मराठी भाषेत या तिन्ही अंधारांची ओळख एकाच आयुष्यात घडवणारा महापुरुष म्हणजे देहूचे तुकाराम महाराज. त्यांच्या नावाभोवती आज इतका उजेड आहे की त्यांच्या रात्रीकडे फारसे कोणी पाहत नाही. इंद्रायणीकाठच्या या कुटुंबात वाण्याचा व्यापार होता, महाजनकी होती, विठ्ठलाची पिढीजात उपासना होती. तुकाराम कोवळ्या वयाचे असतानाच आईवडील गेले. थोरले बंधू सावजी पत्नीच्या निधनानंतर विरक्त होऊन घर सोडून गेले. प्रपंचाचा भार तुकारामांच्या खांद्यावर आला. आणि मग १६३०च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला, ज्याने दख्खनमधील गावेच्या गावे ओस पाडली. व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, समाजातील पत गेली. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, लहानगा मुलगा संतू गेला. वय अवघे एकविसाच्या आसपास.

या वयात, या अवस्थेत माणसाने काय करावे? तुकारामांनी जे केले ते त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगात स्वतःच सांगितले आहे, आणि त्या सांगण्यातील प्रांजळपणा थक्क करणारा आहे. आपल्याला लाज वाटली, असे ते सांगतात. व्यवसाय तोट्यात जाताना दिसत होता, हेही सांगतात. विठ्ठलाचे मोडकळीस आलेले देऊळ दुरुस्त करावेसे वाटले, ही त्यांच्या परमार्थाची सुरुवात. एकादशीचे कीर्तन करू लागलो, पण आरंभी त्यात चित्त लागत नव्हते, असेही ते लपवत नाहीत. संतांची वचने विश्वासाने आणि आदराने पाठ केली, एवढेच ते करू शकले. महाराष्ट्राचा सर्वांत मोठा भक्तकवी सांगतो आहे की सुरुवातीला त्याचे मन लागत नव्हते! वर्गात बसलेल्या, पुस्तकावर डोळे ठेवूनही मन भरकटणाऱ्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट कोणीतरी सांगायला हवी.

या क्रमात एक बोध आहे. अंधार आल्यावर तुकारामांनी आधी प्रकाशाची वाट पाहिली नाही. आधी पडके देऊळ सावरले. हाताला काम दिले, कानाला चांगले शब्द दिले, पायाला भामनाथ आणि भंडारा या डोंगरांची वाट दिली. कुळातील कर्जखते वाटून घेऊन आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. दुष्काळाने ज्याला स्वतःला नागवले होते, त्याने इतरांचे ऋण माफ केले. दुःखाने माणूस कठोर होऊ शकतो किंवा मऊ होऊ शकतो. दुःखाचा खरा स्वीकार झाला की नाही, याची ओळख बहुधा येथेच पटते : आपल्या वेदनेतून दुसऱ्याची वेदना दिसू लागली का?

पुढे बाबाजी चैतन्यांचा स्वप्नातील उपदेश झाला, नामदेवांनी स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली, अभंग वाहू लागले. एखाद्या कथेत येथेच ‘सुखी शेवट’ झाला असता. तुकारामांच्या आयुष्यात मात्र यानंतरही रात्र आली. गाथेतील साडेचार हजारांच्या आसपास अभंग वाचताना आनंदाच्या अभंगांइतकेच तळमळीचे अभंग भेटतात. देव भेटत नाही म्हणून ते रडतात, रुसतात, भांडतात, त्याला निष्ठुर ठरवतात. एका ठिकाणी तर आपल्यापुरता देव उरलाच नाही, असे म्हणण्यापर्यंत त्यांची निराशा जाते. शूद्राने वेदार्थ सांगू नये, या हट्टापायी अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवण्याची वेळ त्यांच्यावर आली. हा पहिल्या प्रकारचा अंधार होता, अन्यायाचा. नदीकाठी तेरा दिवस त्यांनी अन्नपाणी वर्ज्य करून धरणे धरले. वह्या तरल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. अभंग लोकांच्या मुखी तरले, हे तर इतिहासाचे सत्य आहे. ज्यांनी विरोध केला, ते रामेश्वर भट्ट पुढे त्यांचेच भक्त झाले. तुकारामांनी अन्याय सोसला, पण मान्य केला नाही; आणि अन्याय करणाऱ्याला क्षमा केली, पण लिहिणे थांबवले नाही.

तुकारामांच्या या रात्रीकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहणारे एक थोर तत्त्वज्ञ याच कन्नड-मराठी सीमेवर जन्मले. गुरुदेव रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांचा जन्म १८८६ साली जमखंडीचा. निंबाळ येथे त्यांचा आश्रम आहे आणि तेथेच १९५७ साली त्यांनी देह ठेवला. दोन्ही स्थळे आज कर्नाटकात आहेत. अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक व पुढे कुलगुरू झालेल्या या साधकाने महाराष्ट्रातील संतांच्या गूढवादावर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला, तो १९३३ साली प्रसिद्ध झाला. कन्नड संतवाङ्‌मयातील परमार्थमार्गावरही त्यांनी तितक्याच आत्मीयतेने लिहिले. तुकारामांच्या तळमळीच्या अभंगांचे विवेचन करताना त्यांनी युरोपीय संतपरंपरेतील एक संज्ञा वापरली : ‘आत्म्याची काळोखी रात्र’.

ही संज्ञा सोळाव्या शतकातील स्पेनच्या संत जॉन ऑफ द क्रॉस यांची. १५७७च्या डिसेंबरात त्यांच्याच संघातील विरोधकांनी त्यांना पकडून टोलेडो येथे एका अगदी लहान, जवळजवळ उजेड नसलेल्या कोठडीत डांबले. सुमारे नऊ महिन्यांनी, १५७८च्या ऑगस्टमध्ये, ते तेथून निसटले. त्या कोठडीत त्यांनी रचलेल्या कविता आज स्पॅनिश भाषेचे वैभव मानल्या जातात. साधकाला गोड वाटणारे सारे अनुभव एके दिवशी काढून घेतले जातात; ही शिक्षा नसून वाढीची पायरी आहे, असे त्यांचे म्हणणे. लहान मुलाला चालायला शिकवताना आई बोट सोडते, तेव्हा मुलाला वाटते आईने टाकले. आईच्या दृष्टीने मात्र ती त्याच्या वाढीचीच वेळ असते.

आपल्याच काळातील एक उदाहरण याहून बोलके आहे. मदर तेरेसा यांच्या चेहऱ्यावरील हसू साऱ्या जगाने पाहिले. १९९७ साली त्यांचे निधन झाले, आणि दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा जग अवाक झाले. कोलकात्याच्या वस्त्यांत काम सुरू केल्यापासून कित्येक दशके त्यांना आत ईश्वराचा अभाव जाणवत होता, हे त्या पत्रांतून उघड झाले. काहींना वाटले, मग ती श्रद्धा खोटी होती काय? उत्तर त्यांच्या दिनक्रमात आहे. आत उजेड नसतानाही त्या रोज पहाटे उठत राहिल्या आणि मरणासन्न माणसांच्या जखमा धूत राहिल्या. उजेड वाटत असताना चालणे सोपे असते. उजेड वाटत नसताना ठरलेल्या दिशेने चालत राहणे, हीच निष्ठा.

आता पुन्हा म्हैसूरकडे वळू. या नगराने जगाला एक मोठा कथाकार दिला : आर. के. नारायण. १९३९ साली त्यांच्या पत्नी राजम विषमज्वराने गेल्या. मागे लहानगी मुलगी होती. संसाराला अवघी काही वर्षे झाली होती. नारायण पार कोलमडले, लेखन थांबले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही, मुलीला वाढवले. आणि त्या रात्रीतून बाहेर येताना जे हाती लागले, ते १९४५ साली ‘द इंग्लिश टीचर’ या कादंबरीत उतरवले. कादंबरीतील कृष्णन हा महाविद्यालयातील इंग्रजीचा शिक्षक. पत्नीच्या मृत्यूनंतर तो तिच्याशी पलीकडून संवाद साधण्याचा प्रयत्न करतो, हळूहळू मन शांत करायला शिकतो आणि अखेरीस महाविद्यालयाची नोकरी सोडून लहान मुलांच्या शाळेत रमतो. दुःखाने त्याला जगापासून तोडले नाही, तर मुलांच्या जवळ नेले. शाळेशी नाते असलेल्या प्रत्येकाने ही कादंबरी एकदा वाचावी. विनोदी मालगुडी निर्माण करणाऱ्या लेखकाच्या हसण्यामागे ही रात्र होती, हे कळल्यावर ते हसू अधिक मोलाचे वाटू लागते.

येथवर अंधाराचा विचार झाला. परंतु प्रकाशाचा स्वीकारही तितकाच अवघड असतो, हे सहसा कोणी सांगत नाही. ईशावास्य उपनिषदात एक चकित करणारा विचार आहे : अविद्येची उपासना करणारे अंधारात शिरतात, पण केवळ विद्येत रमणारे त्याहूनही गाढ अंधारात शिरतात. ज्ञानाचा अहंकार अज्ञानापेक्षा घातक, कारण अज्ञानी माणूस निदान विचारतो तरी. अहंकारी विचारतच नाही. यश, कीर्ती, गुण, पदव्या हा प्रकाशच आहे, पण डोळ्यांवर थेट पडलेला प्रकाश आंधळे करतो. तुकारामांना लोक मान देऊ लागले, तेव्हा त्या मानाचीच त्यांना भीती वाटली. ती त्यांच्या अभंगांत जागोजागी व्यक्त झाली आहे. प्रकाश स्वीकारणे म्हणजे तो आपला नाही, आपल्यातून जातो आहे, हे ओळखणे. हिऱ्याचेही तसेच आहे. हिरा स्वतः उजेड निर्माण करत नाही. अंधाऱ्या खोलीत हिरा आणि काच सारखेच. आलेला उजेड तो फक्त परत देतो, आणि तोही पैलू पाडून घेतल्यावर. हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या संस्थेने आणि तिच्या माजी विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे असे हे हिऱ्याचे शील आहे.

प्रकाशाच्या स्वीकाराला आणखी एक बाजू आहे. पुष्कळ माणसे दुःखाला इतकी सरावतात की आनंद आला तरी तो घ्यायला धजत नाहीत. घरात कोणी गेले असेल तर हसणे हा त्या व्यक्तीचा अपमान वाटतो. आजारातून उठलेला मनुष्य पुन्हा आजारी पडण्याच्या धास्तीने आजचा दिवस गमावतो. ही दुःखाशी निष्ठा नव्हे. रात्रीला नाही म्हणू नये, तसे पहाटेलाही नाही म्हणू नये.

पालकहो, या विचाराचा मुलांच्या वाढीशी थेट संबंध आहे. आजच्या घरांत मुलांसाठी सर्व काही उजेडाचेच हवे असते. मुलाच्या कानावर वाईट बातमी पडू नये, त्याला अपयश दिसू नये, आजोबा गेले तर ‘गावाला गेले’ असे सांगावे. हेतू प्रेमाचा असतो, परिणाम मात्र उलटा होतो. ज्याने लहानपणी लहान अंधार पाहिला नाही, तो तारुण्यात मोठ्या अंधारापुढे एकदम हतबल होतो. मुलाचा पहिला नापास विषय, संघात न झालेली निवड, तुटलेली मैत्री, घरातील पाळीव प्राण्याचा मृत्यू, या लहान रात्री आहेत. त्या वेळी मोठ्या माणसाने दिवा लावण्याची घाई करू नये. शेजारी बसावे. ‘वाईट वाटते ना?’ एवढेच विचारावे. आपल्याला अंधारात कोणीतरी सोबत दिली होती, ही आठवण मुलाला आयुष्यभर पुरते.

येथे तुकारामांच्या चरित्रातूनच एक सावधगिरीची सूचना मिळते. दिवाळे निघाले, दुष्काळाने पीडा केली, हे बरेच झाले, कारण त्यामुळे देवाची आठवण राहिली, अशा आशयाचा त्यांचा अभंग प्रसिद्ध आहे. हे म्हणण्याचा अधिकार तुकारामांचा होता, कारण मुलगा त्यांचा गेला होता. शेजाऱ्याला तो अधिकार नाही. एखाद्याच्या घरी मृत्यू झाला असताना ‘देवाने चांगल्यासाठीच केले’ असे सांगणाऱ्या माणसाला दुःखही कळलेले नसते आणि देवही. दुःखाचा अर्थ ज्याचा त्याने, ज्याच्या त्याच्या वेळी शोधायचा असतो. इतरांनी तोवर घरात भाकरी पोहोचवावी, मुलांचा अभ्यास घ्यावा, दवाखान्याच्या फेऱ्या वाटून घ्याव्यात. मौनाने केलेली अशी मदत दहा प्रवचनांहून अधिक सांत्वन करते.

दुसरी सूचना त्याहून महत्त्वाची. मनाचा प्रत्येक काळोख ‘आध्यात्मिक’ नसतो. झोप उडणे, भूक मरणे, आठवडेच्या आठवडे कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे वाटणे ही आजाराची लक्षणे असू शकतात, आणि त्यावर उपचार आहेत. मधुमेह झालेल्याला ‘श्रद्धा ठेव, साखर उतरेल’ असे सांगून कोणी औषध बंद करत नाही. मग नैराश्यानेच का तसे सोसावे? शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. कर्नाटकातील बेंगळुरूची निम्हान्स संस्था तर या क्षेत्रात देशात अग्रगण्य आहे. डॉक्टरकडे जाणे हा श्रद्धेचा पराभव नाही. साधना आणि उपचार एकमेकांच्या आड येत नाहीत. बरे झालेले मन साधना अधिक चांगली करते.

मग साधकाने, म्हणजे प्रपंचात राहून आपले मन घडवू पाहणाऱ्या कोणत्याही सामान्य माणसाने, रोज काय करावे? तुकारामांच्या वाटेवरून तीन साध्या गोष्टी हाती लागतात. पहिली, जे आहे ते नाव घेऊन सांगावे. लाज वाटली तर लाज, राग आला तर राग. देवापुढे तरी मुखवटा नको. ज्या देवाशी भांडता येत नाही, त्याच्यावर प्रेम तरी कसे करता येईल? दुसरी, मन लागो न लागो, नेम मोडू नये. हरिपाठ असो, अर्धा तास वाचन असो, किंवा वृद्ध आईच्या पायाला तेल लावणे असो, रोजचे ते लहान कर्म अंधारात हाती धरायच्या दोरीसारखे असते. तिसरी, एखादे पडके देऊळ सावरावे. हे देऊळ दगडाचेच असावे असे नाही. बोलणे तुटलेला भाऊ, विसरलेले शिक्षक, शिकण्याची इच्छा असूनही फी न परवडणारा एखादा विद्यार्थी, गावातील मोडकळीला आलेले ग्रंथालय, हीही देवळेच आहेत. आपले दुःख हलके करण्याचा याहून खात्रीचा उपाय अद्याप कोणाला सापडलेला नाही.

शाळेच्या इतिहासालाही हाच न्याय लावायला हवा. कोणत्याही संस्थेच्या स्मरणिकेत गुणवंतांच्या याद्या असतात, आणि त्या असाव्यातच. पण प्रत्येक शाळेच्या बाकांवर अशीही मुले बसून गेलेली असतात, ज्यांची नावे कोणत्याही फलकावर आली नाहीत. काहींना घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण सोडावे लागले, काही लवकर हे जग सोडून गेली. परक्या भाषेच्या प्रदेशात मराठी टिकवणाऱ्या कुटुंबांनी, कमी होत चाललेल्या पटसंख्येच्या काळजीने रात्री जागवणाऱ्या शिक्षकांनीही अंधार पाहिलेला असतो. माजी विद्यार्थी एकत्र जमतील तेव्हा त्यांनी यशाच्या गोष्टींबरोबर एकमेकांच्या कठीण वर्षांचीही विचारपूस करावी. ज्या वर्गमित्राचा बरेच दिवस दूरध्वनी आलेला नाही, त्याला आधी दूरध्वनी करावा. तो बहुधा उजेडात नसतो, म्हणूनच गप्प असतो.

आत्मिक वाढ ही वृक्षाच्या वाढीसारखी आहे. पाने उजेडाकडे जातात, मुळे अंधारात उतरतात. ज्या झाडाने मुळांना लाजून फक्त पानेच वाढवली, ते पहिल्या वादळात आडवे होते. आणि ज्याने मातीत तोंड खुपसून उजेडच नाकारला, त्याला फूल येत नाही. दोन्हीकडे एकाच वेळी वाढणे, हे झाडाला न शिकवता येते. माणसाला ते शिकावे लागते. घर आणि शाळा ही दोन ठिकाणे ते शिकवण्यासाठीच आहेत. आपल्या मुलांना यश पचवता यावे, अपयश सोसता यावे, अन्यायापुढे उभे राहता यावे, आणि दुसऱ्याच्या काळोखात हातात कंदील घेऊन जाण्याची बुद्धी व्हावी, हीच या हीरक महोत्सवी वर्षातील शुभेच्छा.